धुण्याच्या यंत्रात पाणी फिरते कसे?

आपल्या घरी कपडे धुण्याचे यंत्र असेल, आणि ते वरून झाकण उघडण्याच्या जातीचे असेल, तर एकदा धुणे चालू असताना त्याच्यापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. झाकण काचेचे असले तर ते उघडण्याचीही गरज नाही. पाणी गरगरते, थांबते, उलटे गरगरते. कपडे थोडे डावीकडे जातात, थोडे उजवीकडे येतात. मधूनच एखादी बाही वर डोकावते आणि पुन्हा दडी मारते. आपण म्हणतो, चालले आहे धुणे! आणि आपल्या कामाला लागतो. परंतु हे जे चालले आहे ते नेमके काय, आणि एवढ्याने मळ निघतो तरी कसा, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

माझ्याही आला नव्हता. मी गणिताचा एम. ए.; फळ्यावर यंत्रशास्त्राची उदाहरणे सोडवीन, पण खरे यंत्र उघडून पाहण्याची हौस मला कधीच नव्हती. प्रश्न पडला तो माझ्या आईला. तिचे माहेर वाईचे. लहानपणी धुण्याची बादली घेऊन कृष्णेच्या घाटावर जायचे, हे तिचे रोजचे काम. यंत्र घरी आले त्या दिवशी तिने त्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, “अरे, पाण्यात कपडे नुसते गरगर फिरवून मळ निघतो होय? मग बादलीत काठी फिरवली असती तरी चाललं असतं की!” मी हसलो. हसायला नको होते. प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता, हे मला पुढे दीडएक वर्षाने कळले.

यंत्र घेण्याचे कारणही आईच. वय सदुसष्ट, उजव्या मनगटाचे दुखणे, आणि डॉक्टरांनी कपडे पिळायचे काम बंद करायला सांगितलेले. पहिले वर्ष बरे गेले. मग हळूहळू तक्रारी सुरू झाल्या. काळ्या पॅन्टवर पांढरी लव चिकटून येऊ लागली. सदऱ्यांच्या कॉलरवरची मळाची रेघ तशीच राहू लागली. चादरीच्या घडीत पावडरीचे ओले गोळे सापडू लागले. आई काही बोलली नाही. एके दिवशी मी कॉलेजातून परत येतो, तो ती मोरीत बसून माझेच सदरे दगडावर घासते आहे. मनगटाला पट्टा बांधलेला. तेव्हा मात्र मी ठरवले, की या यंत्रात पाणी काय करते ते एकदा मुळापासून समजून घ्यायचे.

प्रथम आपण घाटावरच जाऊ. तेथे कपडा भिजवतात, साबण लावतात, चोळतात, आपटतात आणि वाहत्या पाण्यात खळबळून काढतात. यांत प्रत्येक क्रियेला अर्थ आहे. कापडाचा धागा म्हणजे एकसंध तार नव्हे. तो शेकडो बारीक तंतू पिळून केलेला असतो, आणि मळ बसतो तो या तंतूंच्या मधल्या फटींत. साबणाचे काम असे, की तेलकट मळाला तंतूपासून सोडवायचे आणि पाण्यात तरंगत ठेवायचे. पण साबणाचे पाणी त्या फटीपर्यंत पोचले पाहिजे, आणि मळ घेऊन ते तेथून बाहेरही पडले पाहिजे. अडचण येते ती येथे. कोणत्याही पृष्ठभागाला लागून असलेले पाणी जवळजवळ स्थिर असते. नदीच्या मध्यावर ओढ असते, काठाला लागून पाणी रेंगाळते. तसेच तंतूजवळचे पाणी रेंगाळते. ते हलवायचे तर कापड वाकवायला हवे, दाबायला हवे, सोडायला हवे. चोळताना आणि आपटताना आपण हेच करतो. दाबले की फटींतले मळके पाणी बाहेर फेकले जाते, सोडले की नवे पाणी आत ओढले जाते. आणि बाहेर आलेले मळके पाणी वाहून नेण्याचे काम नदी करते. घाटावर दर क्षणाला नवे पाणी असते.

यंत्रात मात्र पाणी कोंडलेले. चाळीस-पन्नास लिटर घेतले, की ती फेरी संपेपर्यंत तेवढ्याच पाण्यावर भागवायचे. तेव्हा यंत्र बनवणाऱ्यापुढचा प्रश्न असा: या कोंडलेल्या पाण्याला नदीसारखे वागायला कसे लावायचे?

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, टब, पाणी आणि कपडे हे तिन्ही एकाच वेगाने गोल फिरत आहेत. मळ निघेल का? मुळीच नाही. एस. टी.च्या गाडीत बसून आपण ताशी साठ किलोमीटर वेगाने जातो, पण शेजारच्या प्रवाशाच्या मानाने आपण जागच्या जागी असतो. त्याला आपला धक्काही लागत नाही. त्याचप्रमाणे पाणी आणि कपडा बरोबरच फिरले, तर पाणी कपड्यातून जात नाही, नुसते त्याच्यासोबत प्रवास करते. आई म्हणत होती ती काठी बादलीत फिरवत राहिलो, तर दहा-वीस फेऱ्यांनंतर असेच होते. म्हणजे नुसत्या गरगर फिरण्याने मळ निघत नाही, हे तिचे म्हणणे खरेच.

मग यंत्र काय करते? आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत टबाच्या तळाशी एक उथळ, उंचवट्यांची तबकडी असते. तिला पल्सेटर म्हणतात. कारागीर मंडळी नुसते “चक्री” म्हणून मोकळी होतात. खालच्या मोटरीने ती काही सेकंद एका दिशेने फिरते, थांबते, आणि उलट दिशेने फिरते. या उलटापालटीतच सारे मर्म आहे. चक्री उलट फिरू लागते तेव्हा पाणी आणि कपडे अजून जुन्याच दिशेने जात असतात. जडत्वामुळे त्यांना लगेच वळता येत नाही. खालचा थर एकीकडे ओढला जातो, वरचा दुसरीकडे चाललेला असतो, आणि मधला कपडा दोघांच्या ओढाताणीत वाकतो, पिळला जातो, सुटतो. घाटावर हाताने जे चोळणे होते ते येथे या ओढाताणीने होते.

चक्री एकाच दिशेने फिरत ठेवली तर आणखी एक अनर्थ होतो. आमच्या आईचे साडेपाच मीटरचे पातळ एकदा दोन सदरे, एक टॉवेल आणि माझा पायजमा यांना पोटात घेऊन असे वळले, की बाहेर काढताना तो वाड्याच्या आडाचा दोर वाटावा. कपड्यांचे गाठोडे झाले, की आतल्या घडीला पाणी लागतच नाही. उलट फेरा हा पीळ बराचसा उकलतो.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. जुन्या यंत्रांत झाकणाला लटकवलेल्या खुंट्या कपडे धरून पाण्यातून ओढत असत. अमेरिकेत मेटॅग कंपनीने १९२२ साली फिरते पाते टबाच्या तळाशी बसवले, आणि कपडे पाण्यातून ओढण्याऐवजी पाणी कपड्यांतून ढकलण्याची पद्धत रूढ केली. इंग्लंडात हूवर कंपनीने १९४८ साली आणलेल्या छोट्या यंत्रात चक्री तळाशी नव्हती, टबाच्या बाजूच्या भिंतीत होती. तीच कल्पना घेऊन जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ साली २८,५०० येनांना यंत्र विकायला काढले. तेव्हाच्या यंत्रांच्या मानाने ही किंमत जवळजवळ निम्मी, आणि जपानी मध्यमवर्गाच्या घरांत धुण्याचे यंत्र शिरले ते यानंतर. बाजूच्या चक्रीने पाण्याला जोर फार यायचा, पण कपडे एकमेकांत गुंतायचे आणि झिजायचेही. पुढे चक्री तळाशी आली, आकाराने मोठी आणि चालीने शांत झाली. आज आपल्या घरात दिसते ती याच वंशातली.

येथवर झाले ते गोल फिरण्याचे. पण मला जे सांगायचे आहे ते यापुढेच आहे. टबातल्या पाण्याचे खरे महत्त्वाचे फिरणे गोल नसून उभे असते, खालून वर आणि वरून खाली. ते का, हे पाहू.

चहाच्या कपात चमचा फिरवून बाहेर काढा. तळाशी चहाच्या पत्तीचे कण असतील, तर ते कपाच्या कडेला न जाता मध्यभागी गोळा होतात. हे जरा चमत्कारिक वाटते. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जायला हवी, आणि हे कण तर आत येतात! या कोड्याची उकल १९२६ साली आइन्स्टाइन यांनी एका लेखात केली, आणि तेच तत्त्व नद्यांच्या नागमोडी वळणांना लावून दाखवले. त्यांचे म्हणणे असे. कपातले पाणी फिरताना बाहेर जायला पाहते, म्हणून कडेशी त्याचा दाब वाढतो. पण तळाला लागलेले पाणी घर्षणाने मंदावलेले असते. त्याला बाहेर जाण्याचा तेवढा जोर राहत नाही. कडेचा दाब त्याला आत ढकलतो. म्हणून तळाशी पाणी आत येते, मध्यावर वर चढते, वरच्या बाजूने कडेकडे जाते आणि कडेने खाली उतरते. आपल्या डोळ्यांना फक्त गोल फिरणे दिसते. हा उभा फेरा लपलेला असतो, आणि चहाची पत्ती त्याची चाहूल देते.

आता धुण्याच्या यंत्रात पाहा. येथे तळ स्थिर नाही. तळच फिरतो आहे! चक्रीला लागलेले पाणी सर्वांत जोराने फिरते, म्हणून तेच सर्वांत जोराने बाहेर फेकले जाते. म्हणजे कपातला फेरा येथे बरोबर उलटा होतो. तळाशी पाणी मध्यापासून कडेकडे जाते, टबाच्या भिंतीला थडकून वर चढते, वर आले की आत वळते, आणि मधोमध खाली उतरून पुन्हा चक्रीवर येते. भरपूर पाणी असेल तर कपडेही याच वाटेने जातात: भिंतीकडून वर, मधून खाली. चक्री डावीकडे फिरो की उजवीकडे, हा उभा फेरा मात्र त्याच दिशेने चालू राहतो, कारण बाहेर फेकले जाणे फिरण्याच्या दिशेवर अवलंबून नाही. गोल फिरणे दर काही सेकंदांनी पुसले जाते, उभे फिरणे साठत जाते. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला तेव्हा मी आईला बोलावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग कॉलर का मळकी राहते?”

त्याचे उत्तर पुढे येईल. तत्पूर्वी माझ्या विषयाचा थोडा मोह आवरत नाही. पाणी गोल फिरते तेव्हा मध्ये खोलगट आणि कडेला उंच होते, हे आपण पाहिले असेल. स्थिर वेगाने फिरणाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागाचा छेद म्हणजे शुद्ध पॅराबोला. टबाची त्रिज्या २० सेंटिमीटर धरली आणि पाणी मिनिटाला ६० फेरे घेत आहे असे मानले, तर मध्यापेक्षा कडेचे पाणी सुमारे ८ सेंटिमीटर उंच येते. फेरे दुप्पट झाले तर उंची चौपट होते. चक्री वारंवार उलटते त्याचा हाही एक फायदा, की पाण्याला एवढी उसंत मिळत नाही. नाही तर पाणी कडेने चढून कपडे मध्ये उघडे पडतील. असो.

आता एक फेरा राहिला. तो आपल्याला सहसा दिसत नाही, आणि आमच्या घरच्या तक्रारींचे मूळ तेथेच होते. टब एक नसतो, दोन असतात. बाहेरचा प्लॅस्टिकचा, पाणी धरून ठेवणारा. आतला भोके पाडलेला, कपडे ठेवायचा आणि शेवटी वेगाने फिरून पाणी झटकायचा. चक्री असते ती आतल्या टबाच्या तळाशी. तिच्या वरच्या अंगाला उंचवटे असतात हे आपण पाहतो. पण बऱ्याच यंत्रांत तिच्या खालच्या अंगालाही पाती असतात. ही पाती म्हणजे विहिरीवरच्या पंपाच्या पंख्याचीच धाकटी बहीण. चक्री फिरली की खालचे पाणी बाहेर फेकले जाते, आणि ते जाऊन शिरते टबाच्या भिंतीत बसवलेल्या उभ्या पन्हळीत. पन्हळीतून ते वर चढते आणि वरच्या तोंडातून पुन्हा कपड्यांवर पडते. त्या तोंडाशी एक जाळीची पिशवी किंवा जाळीचा कप्पा लावलेला असतो. कपड्यांतून सुटलेली लव आणि तंतू त्या जाळीत अडकतात आणि पाणी गाळून खाली येते. म्हणजे टबाच्या आत एक लहानसा पाट आहे म्हणा ना. खालून पाणी उचलतो, गाळतो, आणि वरून सोडतो.

या जाळीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. जपानमध्ये यंत्रे घरोघर गेली तरी काळ्या कपड्यांवर लव चिकटण्याची तक्रार होतीच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथल्या एका गृहिणीने लहानपणी चतुर पकडायच्या जाळ्याची आठवण ठेवून एक लहानशी जाळी तयार केली आणि ती पाण्याच्या प्रवाहात सोडली. पाणी फिरते, जाळीतून जाते, लव मागे राहते. तिने त्याचे हक्क नोंदवले, मोठ्या कारखान्यांनी तिची कल्पना उचलली, आणि तिला त्याचा मोबदलाही मिळाला. मला या गोष्टीत आवडते ते हे, की तिने पाण्याला थांबवले नाही. ते जिकडे जात होते तिकडेच जाळी धरली.

आता आमच्या यंत्राकडे येतो. शेवटी एक कारागीर बोलावला. पंचविशीचा तरुण. मला वाटले, आल्या आल्या पाना काढील. त्याने तसे केले नाही. कपडे न घालता यंत्रात नुसते पाणी भरले, धुणे सुरू केले आणि जाळीच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाला, “सर, इथून पाणी पडतंय का बघा.” वरून पाणी गरगरत होते, पण जाळीच्या तोंडातून थेंबही येत नव्हता. आई मागे उभी होती. तो तिच्याकडे वळून म्हणाला, “मावशी, वरचं फिरतंय, खालचं अडलंय.”

मग त्याने पाणी सोडले, यंत्राचा प्लग काढला, मधला स्क्रू सोडवला आणि चक्री वर उचलली. खाली काय नव्हते! दोन रुपयांचे एक नाणे, तीन गुंड्या, केसांचा एक आकडा, आणि माझ्या हरवलेल्या पेनाचे टोपण. पात्यांच्या मधल्या जागा लव, साबणाचा साका आणि बोअरच्या पाण्यातला क्षार यांनी लिंपून गेल्या होत्या. पाती होती, पण त्यांना पाणी धरायला जागाच नव्हती. पन्हळीचे खालचे तोंड तर जवळजवळ बुजले होते. म्हणून लव जाळीत न जाता कपड्यांवर बसत होती. त्याने सगळे खरवडून धुतले, फाटलेली जाळी बदलली, चक्री बसवली. पुन्हा पाणी भरले, तशी जाळीतून बोटाएवढी धार पडू लागली. आईने तिच्याखाली हात धरून पाहिला. काही बोलली नाही.

वाचकहो, आपल्या यंत्रात अशी जाळी असेल तर ही परीक्षा आपणही करू शकता. तिला पैसा लागत नाही. मात्र चक्री उचलायचे काम ज्याचे त्याला करू द्यावे, आणि यंत्राचा प्लग भिंतीत असताना तर कोणीच करू नये. खिसे तपासून कपडे टाकणे आणि जाळी दर दोन-तीन धुण्यांनी रिकामी करणे, एवढे आपल्या हातात आहे. दोन टबांच्या मधली जागा आपल्या हाताला लागत नाही, आणि तेथेही साका बसतो. कपड्यांवर काळसर कण दिसू लागले, तर ते बहुधा तेथून आलेले असतात. शार्प या जपानी कंपनीने यावर वेगळाच तोडगा काढला. आतल्या टबाला भोकेच ठेवली नाहीत. मग दोन टबांच्या मधली जागा पाण्याने भरावी लागत नाही आणि पाणीही वाचते. पिळण्याच्या वेळी पाणी भिंतीवरून वर चढून काठाशी बाहेर पडते.

लव गेली. पण आईचा प्रश्न राहिलाच होता: कॉलर का मळकी राहते? पावडरीचे गोळे का राहतात? याला चक्री जबाबदार नव्हती, आम्हीच होतो. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येते. तेव्हा दोन दिवसांचे कपडे एकदाच टाकावेत आणि पाणी वाचवावे, असा आमचा हिशेब. कपडे हाताने दाबून दाबून भरायचो. मघाची एस. टी. आठवा. गाडीत दहा माणसे असली तर मागचा माणूस पुढच्या दारापर्यंत येऊ शकतो; शंभर कोंबली तर कंडक्टरसुद्धा हलत नाही. टब गच्च भरला, की उभा फेरा मरतो. खालचे कपडे चक्रीवर घासत राहतात आणि झिजतात. वरचे कपडे वरच्या वर डुलत राहतात. मधल्या घडीत पावडर पडली तर ती विरघळायलाही पाणी पोचत नाही. आपल्याला वरून हालचाल दिसते आणि वाटते, धुणे चालले आहे.

नवी स्वयंचलित यंत्रे सुरुवातीला कोरडे कपडे थोडे हलवून पाहतात, आणि चक्रीला किती अडथळा होतो त्यावरून पाणी किती घ्यायचे ते ठरवतात. पण टबात जागाच नसेल, तर ते बिचारे यंत्र तरी काय करील? यंत्रावर अमुक किलो लिहिलेले असते ते कोरड्या कपड्यांचे वजन असते. एक जीनची पॅन्ट पाऊण किलोच्या आसपास भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे सहा किलोत किती बसते याचा अंदाज येईल.

फेसाचीही तीच गोष्ट. फेस भरपूर आला म्हणजे कपडे स्वच्छ झाले, असे आपल्या मनाने घेतले आहे. वस्तुतः फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पडद्यात कोंडलेली हवा. ती कपड्यांच्या मध्ये गादीसारखी बसते. कपडे एकमेकांवर घासत नाहीत, आणि खालच्या पात्यांना पाण्याऐवजी हवाच फेकावी लागते. हाताने धुताना लागते तेवढी पावडर यंत्राला लागत नाही.

यावर मी एक साधी परीक्षा शोधली. पक्क्या रंगाचा एक लाल हातरुमाल घ्यावा आणि कपड्यांच्या अगदी वर ठेवून यंत्र सुरू करावे. उभा फेरा नीट चालत असेल तर रुमाल थोड्याच वेळात मधोमध बुडतो आणि काही मिनिटांनी कडेकडून पुन्हा वर येतो. तो सबंध वेळ वरच राहिला, तर कपडे जास्त झाले. आम्ही पहिल्या दिवशी नेहमीसारखे भरलेले धुणे घेऊन पाहिले: दहा मिनिटे रुमाल जागचा हलला नाही. एक तृतीयांश कपडे काढले, तेव्हा तो गेला आणि परतही आला. तीन-चार वेळा असे करून आता टबाचा वरचा चतुर्थांश मोकळा ठेवायचा, कपडे सैल टाकायचे, आणि चादर अंगावर पांघरल्यासारखी वर पसरायची नाही, असा आमच्या घरचा नियम झाला. पसरलेल्या चादरीखाली हवा अडकते आणि तिचा फुगा होतो.

सगळ्याच देशांत यंत्र असे नाही. अमेरिकेत पुष्कळ वर्षे टबाच्या मधोमध पात्यांचा उंच खांब असे, आणि काही यंत्रांत अजूनही असतो. त्याचा खालचा भाग मागेपुढे हलतो आणि वरचा मळसूत्री भाग एकाच दिशेने फिरत कपडे खाली ओढतो. मधून खाली, कडेने वर, हाच फेरा. फक्त त्याला हाताला धरून चालवलेला. अशा यंत्राला एका धुण्याला सुमारे दीडशे लिटर पाणी लागायचे. तेथे २००४ आणि २००७ साली वीज-पाण्याचे नियम कडक झाले, आणि पुष्कळ यंत्रांतून तो खांब गेला. त्याच्या जागी बसकी तबकडी आली, पाणी कमी झाले. पाणी कमी म्हणजे कपडे तरंगत नाहीत, तबकडीवर बसून राहतात. मग काही यंत्रांत एक छोटा विजेचा पंप तळाचे पाणी उचलून वरून फवाऱ्याने कपड्यांवर सोडत राहतो. गंमत अशी, की अशा थोड्या पाण्यात कपड्यांचा उभा फेरा उलटाही होऊ शकतो: तळाशी आत, मध्यावर वर, कडेने खाली. पाण्याच्या जोराने वाहण्याऐवजी ते तबकडीने ओढले जातात, त्याचा हा परिणाम. आपल्या चहाच्या पत्तीची वाट!

राहिला पाण्याचा हिशेब. एकाच्या दोन खेपा केल्या तर पाणी जास्त जाणार, हे उघड आहे, आणि एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात ही काही लहान गोष्ट नाही. त्याची तोड आईने काढली. पहिल्या खेपेचे शेवटचे खळबळण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. यंत्राची सांडपाण्याची नळी ती त्या वेळी मोठ्या पिंपात सोडते, आणि दुसऱ्या खेपेला टबात पहिले पाणी बादलीने तेच घालते. पिंपातून बादल्या उचलायचे काम माझ्याकडे आहे. कॉलरींना ती आदल्या रात्री साबण लावून ठेवते, चोळत नाही. लाल रुमाल मात्र अजून दर धुण्याला वर ठेवते आणि झाकणाच्या काचेतून पाहत उभी राहते.